पाडव्याआधी भिंती पुसू नका

"सादर नमस्कार. आमचं घर पन्हाळा तालुक्यात, जोतिबाच्या डोंगराच्या उताराला लागून आहे. महाशिवरात्रीनंतर डोंगराला वणवा लागला आणि दोन रात्री धुमसत राहिला. गावातल्या पोरांनी आणि वनखात्याच्या माणसांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून तो आमच्या कुंपणाच्या पलीकडेच विझवला. घराला आच लागली नाही, पण धूर कौलांच्या फटींतून आत भरला. आता भिंती पिवळट-करड्या दिसतात, कपाटातल्या साड्यांना वास येतो, सासूबाईंचा खोकला थांबत नाही. घरावर कर्ज आहे आणि त्याच्यासोबत बँकेनं विमा काढलेला आहे. कंपनीला फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, 'मॅडम, घर जळालंय का? नाही ना? मग क्लेम कसला?' आमचे हे म्हणतात, पाडवा तोंडावर आलाय, चैत्र यात्रेला पाहुणे येतील, पुसून रंग मारून मोकळं होऊ. काय करावं?"
– एक वाचक, पन्हाळा तालुका

ताई,

तूर्त फडकं खाली ठेवा. यजमानांची घाई मला समजते. धुरकटलेल्या भिंतीला गुढी टेकवायची, हे कुणाच्याच मनाला पटणार नाही. पण आगीत घर जळालं तर जळके वासे पुरावा म्हणून उरतात. धुराचं तसं नाही. त्याचा पुरावा म्हणजे भिंतीवरचा तो पातळ थर, आणि तो एका सकाळच्या झाडलोटीत नाहीसा होतो. मग विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येतो, स्वच्छ भिंत बघतो आणि स्वच्छ भिंतीचाच अहवाल लिहितो.

हे मी स्वतःवरून सांगतो. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्याबरोबर गल्लीतले सगळे एकमेकांच्या घरात शिरलो, घमेल्यांनी गाळ काढला, भिजलेल्या गाद्या आणि फुगलेली कपाटं रस्त्यावर टाकली. महापालिकेच्या गाडीनं ती उचलून नेली. आठवड्यानं विमा कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "वस्तू कुठे आहेत?" माझ्याकडे दाखवायला भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेशिवाय काहीही नव्हतं. त्या क्लेममधलं निम्म्याहून अधिक गेलं. कोल्हापुरात अशी घरं कितीतरी निघतील. धुराला तर पुरासारखी रेघही नसते, म्हणून तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते.

आधी फोनवरच्या त्या मुलाचं बघू. फोनवर दिलेलं उत्तर म्हणजे क्लेमचा निकाल नव्हे. ते मनावर घेऊन थांबू नका. बँकेत जा आणि पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. कर्जाच्या फाइलमध्ये एक पानी प्रमाणपत्र असतं, त्यानं भागणार नाही, अटींची सगळी पानं हवीत. पॉलिसी 'भारत गृह रक्षा' असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं ही प्रमाणित पॉलिसी आणली आणि घरासाठीच्या तिच्या अटी कोणत्याही कंपनीत मुळात सारख्याच असतात. त्यात आगीच्या सोबतीनं झुडपांची आग, वनातली आग, जंगलाची आग असं वेगळं कलम लिहिलेलं आहे. या घटनांमुळे घराचं प्रत्यक्ष नुकसान झालं तर भरपाई, असा त्याचा अर्थ. ज्वाळा भिंतीला शिवल्याच पाहिजेत असं त्यात नाही. काजळीनं खराब झालेली भिंत हे प्रत्यक्ष नुकसानच आहे, आणि त्याचं मूळ कारण वणवा आहे.

एक आडकाठी येऊ शकते, ती आधीच सांगून ठेवतो. कंपनी म्हणेल, धूर म्हणजे प्रदूषण, आणि प्रदूषण पॉलिसीतून वगळलेलं आहे. ते कलम खरंच असतं. पण त्याच्याच पुढे अपवाद लिहिलेला असतो की, विमा असलेल्या घटनेतूनच प्रदूषण झालं असेल तर ते वगळलेलं नाही. तुमचा धूर वणव्यातून आला. ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवा, सर्व्हेअरसमोर उपयोगी पडेल.

पॉलिसी एप्रिल २०२१ च्या आधीची, जुन्या पद्धतीची असेल तर मात्र जपून. जुन्या आगीच्या पॉलिसीत झुडपांची आग धरलेली असायची, पण जंगलाची आग वगळलेली असायची आणि तिच्यासाठी जादा हप्ता भरावा लागायचा. म्हणून फॉर्मवर सवयीनं "जंगलाला आग लागली" असं लिहून टाकू नका. आग नेमकी कुठल्या जमिनीवर होती ते आधी काढा. वनखात्याची हद्द होती, गायरान होतं की कुणाच्या मालकीचं गवताचं पडीक रान? आपल्याकडे पुढच्या वर्षी गवत चांगलं फुटतं म्हणून डोंगर पेटवून द्यायची वाईट खोड आहे, आणि पुष्कळदा आग मालकीच्या रानातच सुरू होते. तलाठ्याकडे गट नंबर विचारा, सातबारा बघा, आणि जे खरं आहे तेच लिहा.

आता घराकडे वळू. आज उजेड असताना मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा. अंगणातून, जळालेला डोंगर आणि तुमचं घर एकाच चौकटीत येईल असं उभं राहून सुरुवात करा, मग न थांबता दारातून आत या आणि एकेक खोली फिरा. तोंडानं तारीख, वार, खोलीचं नाव बोलत राहा. व्हिडिओ तोडू नका, जोडू नका. तो झाला की मगच फोटो. प्रत्येक जागेचे तीन फोटो: पूर्ण भिंत, भिंतीचा भाग, आणि अगदी जवळून, शेजारी मुलांच्या कंपासमधली पट्टी धरून.

काजळी समोरच्या उजेडात दिसत नाही, फोटोत तर नाहीच. संध्याकाळी दिवे घालवा आणि बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाका. थर उठून दिसेल. सगळ्यात बोलका फोटो मात्र तसबिरीमागचा. देवघराच्या वरची किंवा सासऱ्यांची तसबीर असेल ती हळूच उतरवा. मागे मूळ रंगाचा स्वच्छ चौकोन असेल आणि भोवताली पिवळट-करडी भिंत. हा एक फोटो दहा पानांच्या पत्राचं काम करतो. दिनदर्शिका आणि भिंतीला टेकलेलं कपाट यांच्या मागेही तसंच बघा.

मग हात घाला तिथे, जिथे घरातलं कुणी रोज पुसत नाही. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, दाराच्या चौकटीचा वरचा कठडा, खिडकीच्या सरकत्या काचेची खाच, ट्यूबलाइटची पट्टी, माळ्यावरच्या पितळी भांड्यांची झाकणं, फ्रिजच्या मागची जाळी, एसी असेल तर त्याचा फिल्टर. कौलांच्या फटीखालचे वासे आणि रिपा विसरू नका, कारण धूर आला तिथूनच. तिथं खालून वर असा फोटो घ्या.

कंपनीचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: "ही काजळी तुमच्या चुलीची नाही कशावरून?" परसात आंघोळीच्या पाण्याचा बंब असेल, देवघरात निरांजन आणि उदबत्ती असेल, शिवाराच्या बाजूला एखादं गुऱ्हाळ चालू असेल, कुणी उसाचं पाचट जाळलं असेल. हे लपवू नका. उलट तिथलेही फोटो काढा आणि फरक दाखवा. चुलीची काजळी चुलीच्या वर साचते, काळी आणि जाड, वर्षानुवर्षांची. देवघराचा डाग कोनाड्यापुरता असतो. वणव्याचा थर पातळ, सारखा आणि सगळ्या घरभर, आणि डोंगराच्या बाजूच्या खिडक्यांवर जास्त. घरात एखादी खोली बंदच असते ना, पाहुण्यांची किंवा वरच्या मजल्यावरची? तिथं चूल नाही, उदबत्ती नाही, वावर नाही. त्या खोलीत थर सापडला तर चुलीचा मुद्दा तिथंच संपतो. ती खोली आता तशीच बंद ठेवा. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत तिथं कुणी झाडूही लावायचा नाही.

पांढऱ्या फडक्याची चाचणी सोपी आहे. जुन्या धोतराचे सारखे तुकडे करा. एक डोंगराच्या बाजूच्या खिडकीच्या कठड्यावर, एक मागच्या खोलीत, एक घट्ट बंद कपाटाच्या आत, प्रत्येक ठिकाणी वीतभर जागेवर एकदाच, कोरडा फिरवा. कोरडा. फिरवतानाचा फोटो घ्या, तुकडा प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाला, वर तारीख आणि जागा लिहा. पारदर्शक चिकटपट्टीनंही तसंच करता येतं. पृष्ठभागावर चिकटवा, उचला, स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकवर लावा आणि पिशवीत ठेवा. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले जळक्या गवताचे, पानांचे तुकडे ओळखू येतात. क्लेम थोडा असेल तर प्रयोगशाळेचा खर्च करू नका, मी तरी करणार नाही. पण नमुने जपून ठेवा. वाद वाढला तर तेच कामी येतील, आणि पुसल्यानंतर ते पुन्हा मिळणार नाहीत. हवेच्या तपासणीवर मात्र आता पैसे घालू नका. धूर जाऊन इतके दिवस झाल्यावर हवा स्वच्छच दाखवेल आणि तो कागद तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल.

वासाचा फोटो निघत नाही. शिवाय घरातल्या माणसांचं नाक चार दिवसांत मरतं, त्यांना वास येईनासा होतो. म्हणून एक वही ठेवा. रोज कुठल्या खोलीत, किती वाजता, दार उघडल्यावर कसा वास आला, हे दोन ओळींत लिहा. बाहेरगावाहून कुणी आलं तर त्यांच्याकडून त्यांच्या हातानं लिहून सही घ्या. सर्व्हेअर यायच्या आदल्या रात्रीपासून खिडक्या बंद ठेवा, आणि त्या दिवशी उदबत्ती, फिनेल, सुगंधी फवारा काही नको.

सामानाची यादी करताना बायका स्वतःच्या वस्तू शेवटी लिहितात, असं मी नेहमी बघतो. तुम्ही तसं करू नका. कापसाच्या गाद्या, वाकळा, उशा, पडदे, सोफ्याची गादी, साड्या, उघड्या पोत्यातलं धान्य यांत धूर सगळ्यात खोल जातो, कारण धुरातले पुष्कळ कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला तर अंदाज येईल. असा कण कापसात शिरला की झटकून निघत नाही. पावत्या नसतील तर लग्नाचे, बारशाचे जुने फोटो शोधा, त्यात मागे तीच गादी, तेच पडदे दिसतात. काहीही टाकून देऊ नका, विकू नका. वास मारणारी गादी पडवीत झाकून ठेवा. 'भारत गृह रक्षा'त घराच्या इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं संरक्षण आपोआप असतं. बँकेनं काढलेल्या विम्यात ते धरलंय ना, हे पॉलिसीवर बघून घ्या. पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो आणि ते फक्त रंगाचा क्लेम करतात.

सासूबाईंचं मात्र थांबवू नका. पुराव्यासाठी म्हाताऱ्या माणसाला धुरात ठेवायचं नाही. त्यांच्या खोलीचे व्हिडिओ, फोटो, फडक्याचे नमुने आजच घ्या आणि ती खोली सगळ्यांत आधी स्वच्छ करा. नुकसान वाढू नये म्हणून मालकानं वेळेवर काळजी घ्यावी, अशी पॉलिसीचीच अपेक्षा असते. फक्त आधी नोंद आणि मग सफाई. डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. औषधाचा खर्च घराच्या विम्यातून मिळत नाही, पण धूर घरात होता याला ती दुजोरा देते.

आणि सफाई पाण्यानं सुरू करू नका. काजळी तेलकट असते. ओलं फडकं लागलं की ती चुन्यात आणि डिस्टेंपरमध्ये मुरते, नंतर वरून रंग दिला तरी डाग फुटून येतो. राखेचं आणखी वेगळं. आपल्या आज्या राखेनं भांडी घासायच्या, कारण राख ओली झाली की तिचा खार होतो. तोच खार ओल्या फडक्याखाली पितळ आणि फरशी खराब करतो. आधी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरच्या व्हॅक्यूमनं ओढून घ्या, मग कोरड्या रबरी स्पंजनं वरून खाली पुसा, आणि शेवटी पाणी. साधा व्हॅक्यूम तेच कण मागून परत खोलीत सोडतो. तोंडाला पदर बांधून चालणार नाही, एन-९५ मास्क घाला. माणूस लावला तर कामाचा तपशील लिहिलेली पावती घ्या. नुसतं "सफाई – ५०००" नको. किती खोल्या, किती भिंती, काय काय केलं, सगळं लिहून घ्या.

धूर वणव्याचाच होता आणि त्याच दिवशीचा होता, हे घराबाहेरच्या कागदांनी सिद्ध होतं. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, आणि त्यात "घरात धूर शिरला, भिंती व सामान धुरकटले" हे शब्द आहेत ना, हे सही करण्याआधी वाचा. पंचनाम्यात नुसतं "जीवितहानी नाही, घर सुरक्षित" असं लिहिलं गेलं तर पुढे जड जातं. वनरक्षकानं आग विझवल्याची नोंद केलेली असते, तिची प्रत अर्ज देऊन मागा. मिळाली नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. डहाळ्या घेऊन धावलेल्या पोरांपैकी दोघा-तिघांचे जबाब साध्या कागदावर घ्या. त्यांच्या मोबाइलमध्ये त्या रात्रीचे व्हिडिओ असणारच. ते मूळ फाइल म्हणून मागा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या व्हिडिओत वेळ आणि जागेची माहिती राहत नाही.

आणखी एक साक्षीदार आकाशात आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना देते, आणि नासाच्या 'फर्म्स' या संकेतस्थळावर जुन्या तारखा कुणालाही फुकट बघता येतात. नकाशावर आपलं गाव काढा, त्या दोन तारखा टाका, आगीचे ठिपके दिसले तर पानाचा छापील उतारा घ्या. एक ठिपका साधारण ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो, म्हणजे तुमच्या उतारापर्यंत साधारण बोट ठेवता येतं. ठिपका दिसला नाही तर खचू नका. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो, गवताची आग तेवढ्यात लागून विझू शकते.

हे दुखणं एकट्या तुमचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कडेला मोठे वणवे लागले. हजारो घरं जळाली, आणि त्यांच्या आजूबाजूला जी उभी राहिली त्यांत धूर आणि राख भरली. तिथंही कंपनीचा युक्तिवाद हाच, की डोळ्यांना दिसत नाही, नाकाला येत नाही, तर नुकसान नाही. तिथल्या एका न्यायालयानं त्याच वर्षी अशी अट बेकायदा ठरवली. तो निकाल आपल्याकडे लागू नाही. पण "घर उभं आहे म्हणजे नुकसान नाही" हे म्हणणं तिथंही टिकलं नाही, एवढं मनात धरून सर्व्हेअरशी बोला.

कंपनीला आजच ईमेल करा, फोन नको. 'भारत गृह रक्षा'त क्लेमचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि महाशिवरात्र ते पाडवा जवळपास तेवढेच दिवस भरतात. मजकूर एवढाच: अमुक तारखांना वणवा, धुरामुळे इमारतीचं व सामानाचं नुकसान, पॉलिसी क्रमांक, सर्व्हेअर पाठवा, सासूबाईंच्या तब्येतीमुळे एक खोली नोंद करून साफ करत आहोत, बाकी घर जसंच्या तसं ठेवलं आहे. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीनं पुढच्या ७ दिवसांत निर्णय करायचा. सर्व्हेअरसोबत स्वतः फिरा. त्याला तसबीर उतरवून दाखवा, बंद खोली त्याच्या समोर उघडा, फटीखालचे वासे दाखवा. निघताना अहवालाची प्रत मला हवी आहे, असं लेखी द्या.

नकार आला तर तो कारणासह लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालाकडे, वर्षाच्या आत. तिथं फी नाही, वकील नको, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात.

पाडव्याचं असं करा. सर्व्हेअर आधी येऊन गेला तर प्रश्नच मिटला. नाही आला तर बाहेरची पडवी, सोपा आणि स्वयंपाकघर नोंद करून स्वच्छ करा, गुढी उभारा, पाहुण्यांना तिथंच बसवा. तसबिरीची भिंत, बंद खोली आणि माळा एवढं राहू द्या. यजमानांना म्हणावं, रंगाचा डबा आणून ठेवा, पण झाकण अजून उघडू नका.